घरखर्चाचा हिशेब कोणाच्या हाती?



आजच्या व्याख्यानाचा विषय घरखर्च हा आहे, आणि तो मी इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे. हे ऐकून काहींना नवल वाटेल. विजेचे बिल, मोबाइलचे बिल, विम्याचा हप्ता, गाडीचा हप्ता हे सारे आता ठरल्या तारखेस बँकेच्या खात्यातून आपोआप जाते. किराणा आणि पेट्रोल क्रेडिट कार्डावर येते, आणि वर शेकडा एखादा रुपया परत मिळतो. त्याला कॅशबॅक म्हणतात. रांग नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. मग यात इतिहास कसला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, माणसाच्या कमाईवर पहिला हात कोणाचा पडावा आणि तिचा हिशेब कोणाजवळ असावा, हा प्रश्न फार जुना आहे. त्याची उत्तरे आपल्याच पुणे जिल्ह्यात एकदा फार कष्टाने मिळवलेली आहेत. ती विसरून नव्या सोयी वापरणे बरे नव्हे.

आपल्या गाडीतळाजवळून सासवडचा रस्ता फुटतो. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव करीत पुढे गेले की सुपे हे गाव लागते. आज ते बारामती तालुक्यात आहे; पूर्वी भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ या दिवशी तेथे बाजार भरला होता. आसपासच्या गावांचे शेतकरी जमले, त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि वह्या व कर्जरोखे बाहेर काढून जाळले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावांत पसरले. शेकडो लोक पकडले गेले. त्या धामधुमीत सावकारांच्या अंगावर हात टाकण्याचे प्रकार मात्र थोडे घडले. लोकांना हवा होता तो कागद.

कागदावरच एवढा राग का? त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू होते, म्हणून आपल्याकडील कापसाला मोठा भाव आला. सावकार मोकळ्या हाताने कर्ज देत होता. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारी सारा मात्र वाढला आणि सावकाराने हात आखडता घेतला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. कायदा कुळाच्या हिताचा समजून केला होता. रोख्याची मुदत तीन वर्षे ठेवली होती. प्रत्यक्षात झाले असे की, दर तीन वर्षांनी सावकार जुना रोखा नवा करून घेई, आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहिले जाई. कुळाला अक्षरओळख नाही, पावती नाही, आणि वही एकट्या सावकाराजवळ. आपण किती घेतले व किती फेडले, हे सांगणारा एकही कागद कुळाच्या घरात नसे.

चौकशीसाठी कमिशन बसले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यातील दोन गोष्टी आज मुद्दाम सांगण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, रोख्यावरचा आकडा हाच शेवटचा शब्द न मानता कोर्टाने व्यवहाराचा हिशेब मुळापासून उकलून पाहावा. दुसरी अशी की, पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याने मागो वा न मागो, सावकाराने त्याला लेखी पावती दिलीच पाहिजे. शिवाय वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचाही हक्क कुळाला मिळाला. वही दोन्ही घरी असावी, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. या कायद्याने कर्जबाजारीपणा संपला असे मुळीच नाही. तरी तत्त्व रुजले, हे लहान काम नव्हे. ज्या वर्षी सुप्याला रोखे जळले त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून त्यांनी कामही केले. तेव्हा वसंतातल्या व्याख्यानात हा विषय परका नाही.

आता शेतातून गिरणीत येऊ. मुंबईच्या गिरणी कामगाराचा पगार महिना भरल्यावरही बरेच दिवस हाती पडत नसे. तोवर घर चाले ते वाण्याच्या उधारीवर, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी पठाण सावकार उभा असे. १९२९ साली व्हिटली कमिशन नेमले गेले. आपले नारायण मल्हार जोशी त्याचे एक सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने नमूद केले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि रुपयास महिना एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर आहे. म्हणजे वर्षाला शेकडा ७५.

या अहवालानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. पगार ठरल्या मुदतीत झाला पाहिजे, आणि कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज मालकाने एक पैसाही कापता कामा नये, असे त्याने ठरवले. त्याआधी दंडाच्या नावाखाली काय काय कापले जाई, हे जुने कामगार सांगत असत. पुढे १९६४ च्या दुरुस्तीने कपातीवर एकूण मर्यादा आली: सहकारी संस्थांचे देणे असेल तर पगाराच्या पाऊणपट, एरवी निम्मी. हा कायदा आता वेतन संहितेत विलीन झाला आहे. २०१९ ची ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिच्यातही कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक होऊ नये, असे कलम आहे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावा, असेही ती सांगते.

येथे मी श्रोत्यांना क्षणभर थांबवू इच्छितो. मालकाने कापायची रक्कम निम्म्यावर अडवण्यासाठी कामगारांच्या पिढ्या झगडल्या. पण पगार एकदा बँकेत जमा झाला की ही मर्यादा तेथे लागू होत नाही. तेथे आपण स्वतः सही करून, किंवा मोबाइलवर एक बोट टेकवून, कितीही जणांना कापण्याची परवानगी देऊ शकतो. पगार सातला जमा होतो आणि नऊ तारखेस खात्यात दहावा हिस्साही उरत नाही, अशी खाती मी पाहिली आहेत.

आमच्या कचेरीत आलेल्या एका कामगाराची हकीकत सांगतो. तो हडपसरच्या एका लहान कारखान्यात होता. त्याने गाडीचा हप्ता, विम्याचा हप्ता आणि एका वस्तूचा हप्ता असे तिन्ही पाच तारखेला लावले होते, कारण पगार तीन तारखेला होई. एका महिन्यात पगार बारा तारखेस झाला. पाच तारखेला तिन्ही हप्ते परत गेले. प्रत्येकाचा दंड बँकेने वेगळा लावला आणि घेणेकऱ्याने वेगळा. तो दंड आणि किराणा भागवण्यासाठी त्याने कार्ड वापरले, आणि कार्डाच्या बिलावर छापलेली "किमान देय रक्कम" तेवढी भरली. आपण बिल भरले, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. चार महिन्यांनी तो हिशेब विचारायला आला, तेव्हा व्याज मुद्दलात मिळून रोखा नवा होण्याचा तोच जुना प्रकार मला त्या कागदावर दिसला. शिवाय त्याला हेही ठाऊक नव्हते की, खात्यात पैसे नसल्यामुळे असा हप्ता परत गेला तर २००७ च्या कायद्याच्या २५ व्या कलमाखाली फौजदारी फिर्याद होऊ शकते, जशी न वटलेल्या चेकबद्दल होते.

कार्डाचा इतिहासही थोडक्यात पाहू. न्यूयॉर्कला १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने फ्रेस्नो या शहरात सुमारे साठ हजार घरांना न मागता कार्डे पाठवली. खर्चाचा काही अंश परत देण्याची युक्ती १९८६ मध्ये डिस्कव्हर कार्डाने लोकप्रिय केली. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड काढले.

हा परत मिळणारा रुपया येतो कोठून? एक भाग दुकानदाराकडून. कार्डावर विक्री झाली की त्याला काही टक्के बँकेस द्यावे लागतात. दुसरा भाग बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून. महिन्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा दर आपल्याकडे सर्रास आहे. आता साधा हिशेब करा. महिना आठ हजारांचा किराणा कार्डावर घेतला आणि शेकडा एक परत मिळाला, तर ८० रुपये झाले. तेच आठ हजार एक महिना थकले, तर साडेतीन टक्क्यांनी २८० रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून सुमारे ३३० रुपये गेले. म्हणजे चार महिन्यांची कमाई एका चुकीत बुडाली. जो दरमहा संपूर्ण बिल फेडतो त्याला ही सोय खरोखर लाभाची आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र त्याचा लाभ काही अंशी त्याच्या थकलेल्या शेजाऱ्याच्या खिशातून येतो, हेही त्याने जाणावे.

व्याजाला मर्यादा असावी, हा विचार आपल्याकडे दामदुप्पट या नावाने पूर्वापार आहे: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. मुंबई इलाख्यातील कोर्टे हा नियम मानीत. कार्डाच्या बाबतीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतला, असे न्यायालयाचे म्हणणे. तेव्हा वरच्या मर्यादेचा आधार सध्या ग्राहकाला नाही.

दुसरा आधार मात्र आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने असा नियम लागू केला की, कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला निदान चोवीस तास आधी मिळाली पाहिजे, आणि ती वसुली थांबवण्याची सोय असली पाहिजे. क्रेडिट कार्डांबाबतच्या निर्देशांत न मागता कार्ड देण्यास बंदी आहे, आणि किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड किती लांबते याचा इशारा बिलावर छापण्याची सक्ती आहे. १८७९ ची पावती आणि २०२१ चा संदेश यांचे नाते आपण ओळखले पाहिजे. भरणाऱ्याच्या हाती हिशेब असावा, हेच दोन्हींचे तत्त्व. फरक एवढाच की, तेव्हाच्या कुळाला वाचता येत नव्हते आणि आपण वाचत नाही.

म्हणून माझे सांगणे असे आहे. सोय वापरा, पण आपल्या अटींवर वापरा. हप्त्याची तारीख पगाराच्या नेहमीच्या तारखेनंतर निदान आठ दिवस ठेवा. पगार लांबण्याची वहिवाट असेल तर त्याहून पुढे. आपोआप जाणाऱ्या साऱ्या रकमांची बेरीज पगाराच्या निम्म्याच्या आत ठेवा. मालकाला जी मर्यादा आपण घातली, ती स्वतःलाही घालावी. कार्डाचे बिल आपोआप भरायचे असेल तर "संपूर्ण रक्कम" हाच पर्याय निवडा. तेवढी शिल्लक राहत नसेल तर कार्ड कपाटात ठेवा. आणि महिन्यातून एका रविवारी नवरा-बायकोने एकत्र बसून खात्याचा उतारा ओळीओळीने वाचावा. घर चालवणाऱ्या बाईला खात्यातून काय जाते हे ठाऊक नसणे, ही मला कुळाच्या घरात पावती नसण्याइतकीच गंभीर गोष्ट वाटते.

सुप्याच्या शेतकऱ्यांना आपला हिशेब पाहायला मिळत नव्हता, म्हणून त्यांनी तो जाळला. आपला हिशेब आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. आज घरी गेल्यावर तो उघडून पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.