गोंडी फाँट, पुण्याचा परम आणि एका ओळीची मर्यादा

१/ मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडी भाषेसाठी एक लिपी रचली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात आजही बोलल्या जाणाऱ्या या भाषेची ही लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये दाखल झाली. तिचा मुक्त फाँट कोणत्याही प्रोसेसरच्या संगणकावर चालतो. बहुतेक प्रोग्रॅमना ही मुभा नसते. ती का नसते, हे पाहू.

२/ फाँट ही अक्षरांच्या आकारांची नोंद होय. प्रोग्रॅम म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा, आणि प्रत्येक प्रोसेसर-कुळाचा आज्ञासंच निराळा असतो.

३/ याचे उत्तम उदाहरण पुण्याचे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो ब्रिटिश ट्रान्सप्यूटरांवर. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क आले, तर पुढील ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर-४. नाव एकच, कुळे तीन. एकासाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालणे शक्यच नव्हते. तो मूळ संहितेपासून पुन्हा बांधावा लागे. तेवढ्यानेही नेहमी भागत नसे, कारण ट्रान्सप्यूटर संख्येतील लहान बाइट आधी ठेवी, तर स्पार्क मोठा.

४/ म्हणून बांधणीच्या कृतीतच मर्यादा लिहिण्याची प्रथा रूढ झाली. डेबियन लिनक्समध्ये ‘ऑल’ म्हणजे एकच पाकीट सर्वांसाठी, ‘एनी’ म्हणजे प्रत्येक कुळासाठी स्वतंत्र बांधणी, अन्यथा निवडक कुळांची यादी. फाँट ‘ऑल’मध्ये मोडतात.

५/ यॉक्टो प्रकल्पात अशा कृतीला ‘रेसिपी’ म्हणतात. तिच्यातील ‘कम्पॅटिबल होस्ट’ ही ओळ लक्ष्य-यंत्राशी जुळली नाही, तर बांधणी सुरू होण्यापूर्वीच ती रेसिपी वगळली जाते. तासन्‌तास चाललेली बांधणी अखेरीस कोसळण्यापेक्षा हे बरे.

६/ परंतु ही ओळ दुधारी आहे. ती नसेल, तर बांधणी पार पडूनही प्रोग्रॅम चुकीची उत्तरे देऊ शकतो. ती अकारण संकुचित असेल, तर नव्या कुळाला दार बंद होते. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने नव्या रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान दिले. जुन्या ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी मात्र इन्स्टॉलर आणि कर्नल देणे थांबवले.

७/ दुर्गम भागात संगणक सहसा उशिरा पोहोचतो आणि दीर्घकाळ वापरला जातो. त्यामुळे यादीतून एखादे कुळ वगळले गेले, की त्याची झळ तेथे अधिक बसते. गोंडी फाँट त्या जुन्या यंत्रावरही उघडेल. तो दाखवणारा नवा प्रोग्रॅम मिळेलच, असे नाही. मर्यादा लिहिताना तिचे कारणही शेजारी नोंदवावे, ते यासाठीच: कारण संपले की ओळ काढता येते.