राणीच्या बागेतल्या संग्रहालयासाठी पैसा आला कुठून?

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मुळात लोकवर्गणीतून सुरू झालं. जगन्नाथ शंकरशेठ आणि डॉ. भाऊ दाजींनी मुंबईकरांकडून पैसे गोळा केले, १८६२ साली पायाभरणीही झाली. पण १८६५ मध्ये कापसाची तेजी ओसरली, शेअर बाजार कोसळला आणि देणग्या आटल्या. उरलेलं काम सरकारनं पूर्ण केलं. १८७२ मध्ये दारं उघडली.

पुढे शतकभरात वास्तूची पार रया गेली. इमारत महापालिकेची असूनही दुरुस्तीसाठी २००३ मध्ये त्रिपक्षीय करार करावा लागला. जमनालाल बजाज फाउंडेशननं आर्थिक मदत दिली, तर जतनाचं तांत्रिक काम इन्टॅकनं पाहिलं. देणगीदार आला म्हणून मालकी मात्र बदलली नाही, ती पालिकेकडेच राहिली. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांना प्रवेश मिळाला तो २००८ मध्ये.