न मोजलेलें गिऱ्हाईक

व्यापार हा मोजमापाचा धंदा आहे. दुकानदार तराजूनें माल मोजतो, वहीनें उधारी मोजतो आणि अनुभवानें गिऱ्हाइकें मोजतो. जें मोजलें जात नाहीं तें त्याच्या लेखीं नसल्यासारखेंच असतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिश बोलणारा एक मोठा समाज कित्येक पिढ्या असा न मोजलेला राहिला. त्याच्या घरांत चूल होती, मुलाबाळांस कपडालत्ता लागत होता, गांठीस थोडाफार पैसाहि होता. परंतु मोठमोठ्या कारखानदारांच्या हिशेबांत त्याचें नांव नव्हतें. हा समाज गिऱ्हाईक म्हणून कसा ओळखला गेला, आणि ती ओळख पटवून देण्याचें काम ज्यांनीं आपला व्यवसाय म्हणून पत्करलें त्यांस कोणता विचार करावा लागला, हा इतिहास केवळ देवघेवीचा नाहीं. मायबोली ही अडचण मानावी कीं भांडवल, या प्रश्नाचाहि तो इतिहास आहे.

हा समाज सर्वस्वीं परका नव्हता. १८४८ सालच्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहानें कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको इत्यादि विस्तीर्ण मुलूख मेक्सिकोकडून संयुक्त संस्थानांकडे गेला, आणि तेथील स्पॅनिश भाषिक कुटुंबें घरचा उंबरठा न ओलांडतां परराज्याचीं प्रजा झालीं. १८९८ सालीं स्पेनशीं झालेल्या युद्धानंतर पोर्तो रीको बेट अमेरिकेच्या ताब्यांत आलें व १९१७ सालीं तेथील रहिवाशांस नागरिकत्व मिळालें. १९१० सालीं मेक्सिकोंत क्रांतीचा वणवा पेटला, तेव्हां हजारों कुटुंबें सरहद्द ओलांडून उत्तरेस आलीं. टेक्सासमध्यें त्यांच्या मुलांस बहुधा निराळ्या शाळेंत बसवीत, आणि शाळेंत स्पॅनिश शब्द तोंडून निघाल्यास शिक्षा होई. अशा स्थितींत होतकरू तरुणानें इंग्रजी शिकून घरची भाषा घरींच ठेवावी, हा शहाणपणाचा मार्ग समजला जाणें स्वाभाविक होतें.

रेडिओचें युग आलें तेव्हां या समाजाच्या वांट्यास पहाट आली. १९२० ते १९४० च्या दरम्यान इंग्रजी केंद्रांचे चालक ज्या वेळा एरवीं विकल्या जात नसत त्या घाऊक दरानें स्पॅनिश भाषिक दलालांस देत. दलाल त्या वेळांत गाणीं, बातम्या व निवेदनें योजी, आणि मधले क्षण शेजारपाजारच्या दुकानदारांस जाहिरातीसाठीं विकी. केंद्राचें भाडें भागवून जें उरेल तें त्याचें. लॉस एंजेलिस येथें पेद्रो गोन्सालेस नांवाचा एक गृहस्थ होता. क्रांतीच्या काळांत त्यानें पांचो व्हीलाच्या सैन्यांत तारायंत्र चालविलें होतें. पुढें पहाटे चार ते सहा या वेळांत ‘लोस माद्रुगादोरेस’, म्हणजे पहाटे उठणारे, या मंडळीसह तो रेडिओवर गाऊं लागला. इंग्रजी शहर झोपेंत असे त्याच वेळीं शेतावर किंवा बांधकामावर जाणारा मजूर जागा असे. त्यामुळें केंद्रचालकांनीं टाकाऊ समजलेली घटकाच दलालास सोन्याची ठरली.

परंतु उसनी घटका ती उसनीच. मंदीच्या वर्षांत मेक्सिकन कुटुंबांस देशाबाहेर धाडण्याची मोहीम सुरू झाली. गोन्सालेसनें तिचा निषेध केला. १९३४ सालीं एका गंभीर आरोपाखालीं त्यास अटक झाली. फिर्यादी मुलीनें पुढें आपली साक्ष खोटी असल्याचें सांगितलें, तरी त्यास सॅन क्वेंटिनच्या तुरुंगांत वर्षें काढावीं लागलीं, आणि १९४० सालीं सुटका झाली ती मेक्सिकोस रवानगी होण्यासाठींच. दुसऱ्याच्या यंत्रावरून बोलणाऱ्याचा आवाज किती सहज बंद पडतो, हें यावरून दिसून आलें.

टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराच्या राऊल कोर्तेसचें महत्त्व येथेंच आहे. मेक्सिकोच्या व्हेराक्रूस प्रांतांत १९०५ सालीं जन्मलेल्या या माणसानें कांहीं काळ ‘ला प्रेन्सा’ या स्पॅनिश दैनिकाचा वार्ताहर म्हणून, तर कांहीं काळ पर्ल या मद्याच्या कारखान्याचा विक्रेता म्हणून काम केलें. पहिल्या कामानें त्यास समाजाचें मन कळलें, दुसऱ्यानें त्याचा खर्च कळला. शिलकींतील पैशांतून त्यानें एका स्थानिक केंद्रावर वेळ विकत घेऊन स्पॅनिश कार्यक्रम सुरू केला. येथवर तोहि इतर दलालांसारखाच एक दलाल होता. तसेंच राहण्यांत धोका थोडा होता. स्वतःचें केंद्र उभारावयाचें म्हणजे मनोरा, यंत्रें, नोकरवर्ग व सरकारी परवाना, आणि हें सर्व अशा गिऱ्हाइकाच्या भरंवशावर, कीं ज्याची मोजदाद कोणीच केलेली नव्हती. शिवाय काळ महायुद्धाचा असल्यामुळें परभाषेंतील प्रक्षेपणाकडे संशयानें पाहिलें जाई. तथापि १९४४ सालीं कोर्तेसनें अर्ज केला. स्पॅनिश भाषिकांस युद्धकार्यांत सामील करून घेण्यास हें केंद्र उपयोगी पडेल, असा त्याचा युक्तिवाद होता. १९४६ सालीं केंद्र सुरू झालें. त्यास त्यानें ‘केसीओआर’ हें नांव दिलें, तें स्वतःच्या आडनांवाच्या आद्याक्षरांवरून. ज्या आडनांवामुळें दारें बंद होत तेंच त्यानें दारावर लाविलें.

या केंद्रावरून साबणाची व कॉफीची जाहिरात होई, तशीच समाजाची बाजूहि मांडली जाई. १९४८ सालीं कोर्तेस ‘लुलॅक’ या लॅटिन अमेरिकन नागरिकांच्या राष्ट्रीय संघाचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षीं देल्गादो खटल्यांत टेक्सासमधील संघराज्याच्या न्यायालयानें मेक्सिकन मुलांस वेगळें बसविण्याची चाल बेकायदेशीर ठरविली. त्या लढ्यामागें या संघाचें पाठबळ होतें. ज्यास गिऱ्हाईक म्हणून किंमत येते त्यास नागरिक म्हणूनहि बोलतां येतें, असा कोर्तेसच्या व्यवसायाचा अर्थ होता.

न्यूयॉर्क शहरांत याच सुमारास दुसऱ्या एका मार्गानें तोच शोध चालला होता. स्पेनच्या बुर्गोस प्रांतांतील प्रुदेन्सियो उनानुए हा पोर्तो रीकोमार्गें न्यूयॉर्कास आला. आपल्या ओळखीचें ऑलिव्ह, तेल व सार्डिन मासे तेथें नीट मिळत नाहींत, हें पाहून त्यानें १९३६ सालीं ड्युएन रस्त्यावर लहानशी पेढी घातली. त्याच वर्षीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें व माल येईनासा झाला. मग त्यानें मोरोक्कोंतून सार्डिन आणविले, आणि त्यांच्या डब्यांवरील ‘गोया’ हें नांव एका डॉलरास विकत घेतलें, अशी त्या पेढीची कथा आहे. कारण उनानुए हा उच्चार अमेरिकन जिभेस जड जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तो रीकोचे लोक मोठ्या संख्येनें न्यूयॉर्कास आले, आणि वस्तीवस्तींतील ‘बोदेगा’ नांवाच्या छोट्या दुकानांतून ‘गोया’चे डबे घरोघर गेले. या पेढीचें मर्म एवढेंच, कीं क्यूबाच्या माणसास काळा घेवडा लागतो, पोर्तो रीकोच्या माणसास तांबूस, आणि मेक्सिकोच्या माणसास ठिपक्यांचा. बाहेरच्यास सारे स्पॅनिश एकच वाटत. वाण्यास मात्र चुलीगणिक भेद ठाऊक होता.

मोठ्या भांडवलदारांस चुलीचें ज्ञान पुरत नाहीं. त्यांस आंकडा हवा असतो. कोर्तेसनें १९५५ सालीं दूरचित्रवाणीचें स्पॅनिश केंद्र काढलें, परंतु बहुतेक घरांतील यंत्रांस तें निराळें साधन जोडल्यावांचून दिसत नसे, आणि प्रेक्षक किती हें सिद्ध करतां आल्याखेरीज जाहिरातदार बधत नसत. १९६१ सालीं त्यास हें केंद्र मेक्सिकोच्या एमिलियो आस्कारागा यांच्या मंडळीस विकावें लागलें. त्यांतूनच निघालेलें जाळें १९८७ सालापासून ‘युनिव्हिजन’ या नांवानें प्रसिद्ध झालें.

सरकारचीहि गणना धरसोडीची होती. १९३० च्या खानेसुमारींत ‘मेक्सिकन’ हा निराळा वंश म्हणून दाखविला; त्यावर निषेध होतांच १९४० सालीं तो रकाना गेला. १९७० सालीं स्पॅनिश मुळाचा प्रश्न शेंकडा पांच कुटुंबांनाच विचारला. १९७६ सालीं या समाजाची स्वतंत्र आंकडेवारी ठेवण्याविषयीं कायदा झाला, आणि १९८० सालीं हा प्रश्न प्रथमच सर्वांस विचारण्यांत आला. उत्तर आलें १ कोटी ४६ लाख. नील्सन कंपनीनें या प्रेक्षकांची देशव्यापी स्वतंत्र मोजणी सुरू केली ती १९९२ सालीं, आणि तीहि स्पॅनिश जाळ्यांनीं खर्च सोसल्यावर!

आंकडा हातीं येण्यापूर्वींच या कामास वाहून घेणारे लोक निघाले होते. १९५९ सालच्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेल्यांत जाहिरातीच्या धंद्यांतील अनुभवी माणसें होतीं. लुईस दियास आल्बेर्तिनी यानें १९६२ सालीं न्यूयॉर्कांत केवळ स्पॅनिश जाहिरातींची पेढी काढली. मायामींत तेरे सुबिसारेता ही क्यूबाहून आलेली बाई जाहिरात-कचेरींत चिटणिसाचें काम करी. १९७६ सालीं तिनें स्वतःची संस्था स्थापिली. केवळ भाषांतरानें काम भागत नाहीं, हें या लोकांनीं पटवून दिलें. १९९३ सालीं कॅलिफोर्नियांत दूध संपल्याच्या फजितीवर रचलेली एक विनोदी जाहिरात गाजली. तिचें शब्दशः स्पॅनिश केल्यास, बाईच्या अंगावर दूध आहे काय, असा विचित्र अर्थ होई. शिवाय घरांत दूध नसणें हा कित्येक कुटुंबांस विनोदाचा विषय नव्हता. म्हणून आनिता सान्तियागो हिच्या संस्थेनें १९९४ सालीं आजी, स्वयंपाकघर व दुधाचे गोड पदार्थ यांवर निराळीच जाहिरात रचली.

या यशाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मानववंशशास्त्रज्ञ आर्लीन दाव्हिला हिनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें, कीं मेक्सिकन, क्यूबन, पोर्तो रीकन अशा भिन्न लोकांचा एकच ‘हिस्पॅनिक’ समाज ठरविण्यांत जाहिरातदारांचा वांटा मोठा आहे. सर्वांस समजेल अशी गुळगुळीत भाषा व कोणत्याच गांवचा नसलेला चेहरा त्यांनीं घडविला. उनानुएच्या दुकानांत जो भेद पाळला जाई तो पडद्यावर पुसला गेला. आणखी असें, कीं ज्यांचें पोट या भाषेवर त्यांस समाज स्पॅनिशच बोलत राहणें सोयीचें, पण अमेरिकेंत जन्मलेलीं नातवंडें इंग्रजींत हंसूं-बोलूं लागलीं. स्पॅनिश विभागावर नेमलेला हुशार माणूस मुख्य कचेरीच्या जिन्यापाशींच अडून राही, हाहि त्या निवडीचा भुर्दंड होता.

२०२० च्या खानेसुमारींत ही संख्या ६ कोटी २१ लाख भरली. आतां या समाजास न मोजलेला कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्यांनीं मोजणी होण्यापूर्वींच त्याजवर आयुष्य पणास लाविलें, त्यांचा निर्णय आंकड्यांवर उभा नव्हता. पहाटे चारला कोण जागें असतें आणि कोणाच्या चुलीवर कोणता घेवडा शिजतो, हें त्यांस स्वतःच्या घरावरून ठाऊक होतें. धंदा निवडतांना माणूस बाजारांत काय खपतें हें विचारतो. आपणांस असें काय ठाऊक आहे कीं जें बाजारास अजून ठाऊक नाहीं, हा प्रश्न कोर्तेस व उनानुए यांनीं विचारला, आणि त्याचें उत्तर त्यांस आपल्या मायबोलींत सांपडलें.