इंडोनेशियाची स्वातंत्र्यघोषणा

इंडोनेशियाची स्वातंत्र्यघोषणा : (१७ ऑगस्ट १९४५). डच वसाहतीचे स्वतंत्र राष्ट्र झाल्याचे सुकार्णो (१९०१–७०) व मोहंमद हट्टा (१९०२–८०) यांनी जाकार्ता येथे जनतेच्या वतीने केलेले निवेदन. मजकूर अवघा दोन वाक्यांचा. पहिल्यात स्वातंत्र्य जाहीर केले आहे. सत्तांतर वगैरे बाबी पद्धतशीरपणे व शक्य तितक्या लवकर उरकल्या जातील, असे दुसरे वाक्य सांगते. तक्रारींची यादी नाही, तत्त्वचर्चा नाही. हॉलंड आणि जपान यांचा नामोल्लेखही नाही. घोषणा ज्या घाईत झाली, ती पाहता या संक्षेपाचे नवल वाटत नाही.

अर्जविनंत्यांचा मार्ग आधीच आजमावून झाला होता. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि १८०० पासून बेटांचा कारभार थेट डच सरकारकडे गेला. १९३६ मध्ये वसाहतीच्या लोकसभेत सदस्य सुतार्जो यांनी एक अर्ज मांडला. डच राजसत्तेच्या छत्राखालीच, दहा वर्षांत स्वशासन कसे देता येईल यावर परिषद भरवा, एवढीच त्यात मागणी होती. यापेक्षा मवाळ मागणी काय असणार? लोकसभेने तो अर्ज मंजूर केला. हॉलंडने १९३८ मध्ये फेटाळला. सुकार्णो आणि हट्टा तेव्हा हद्दपारीत होते. पुढे मार्च १९४२ मध्ये कालिजाती येथे डच सैन्याने जपान्यांपुढे शस्त्रे ठेवली. रयतेचे रक्षण न करता आलेल्या सत्तेचा उरलासुरला वचकही त्या दिवशी गेला.

जपानी अंमल सुखाचा नव्हता. ‘रोमुशा’ म्हणून सक्तीने नेलेले असंख्य मजूर परतलेच नाहीत आणि भातवसुलीने जावातील खेडी उपाशी पडली. मात्र युद्ध अंगावर येऊ लागले तसे जपानने सप्टेंबर १९४४ मध्ये स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. त्यानुसार घटनेचा मसुदा करणारी समिती बसली. १२ ऑगस्ट १९४५ रोजी मार्शल तेराउची यांनी सुकार्णो व हट्टा यांना व्हिएतनाममधील दालात येथे बोलावून स्वातंत्र्य लवकरच मिळेल असे सांगितले. तीन दिवसांत जपानच शरण आला.

पेच पडला तो इथे. जपानच्या समितीमार्फत स्वातंत्र्य घ्यावे, तर डच त्याला जपानी बाहुल्यांचे राज्य ठरवणार. थांबावे, तर दोस्तांचे सैन्य येणार आणि त्याच्या पाठोपाठ डच प्रशासन. शरणागत जपानी सेनेला ‘आहे तशी स्थिती’ राखण्याचे हुकूम होते. म्हणजे जुना धनी परतला नव्हता आणि नवा संपला होता, अशा मोजक्या दिवसांतच काय ते करायचे होते.

तरुण गट (‘पेमुदा’) ताबडतोब घोषणा मागत होता. जपानी संगिनी अजून शहरात असल्याने रक्तपात होईल, अशी हट्टांची धास्ती होती. १६ ऑगस्टला पहाटेपूर्वी तरुणांनी दोघांना उचलून रेंगासडेंगक्लोक या गावी नेले. सुकार्णोंच्या पत्नी फातमावती व तान्हे मूलही सोबत होते. राष्ट्रवादी नेते सुबार्जो यांनी मध्यस्थी करून त्यांना रात्री परत आणले. जपानी लष्करी अधिकाऱ्यांनी बैठकीला परवानगी नाकारल्यावर ती भरली ती जपानी नौदलाचे रिअर अॅडमिरल माएदा यांच्या घरी. स्वतः माएदा मसुदा ठरवण्यात नव्हते. सुकार्णोंनी हाताने लिहिले, हट्टा व सुबार्जो सांगत गेले, सायुती मेलिक यांनी टंकलेखन केले. सही सर्वांनी करावी असे हट्टांचे म्हणणे होते. जपान्यांनी नेमलेल्या समिती-सदस्यांच्या सह्या नकोत, म्हणून अखेर दोघांच्याच झाल्या. कच्चा कागद टाकून दिला होता. तो पत्रकार बी. एम. दिया यांनी उचलून ठेवला, म्हणून आज उपलब्ध आहे.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता सुकार्णोंच्या घरासमोर, पेगांग्साआन तिमूर ५६ येथे, वाचन झाले. बांबूच्या काठीवर फातमावतींनी शिवलेला लाल-पांढरा ध्वज चढला. कागदावरील साल मात्र ‘०५’ आहे : जपानी शक २६०५. जपानपासून अंतर राखण्याच्या या खटाटोपात तेवढे राहून गेले. घोषणेमागची कारणे दुसऱ्या दिवशी मंजूर झालेल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत येतात : स्वातंत्र्य हा सर्व राष्ट्रांचा हक्क असून वसाहतवाद माणुसकीला व न्यायाला धरून नाही.

औपचारिक घोषणेचा व्यावहारिक लाभ लगेच दिसला. सप्टेंबरअखेर ब्रिटिश-हिंदी सैन्य उतरले तेव्हा समोर राष्ट्राध्यक्ष, घटना आणि मंत्रिमंडळ होते; केवळ दंगेखोर म्हणून त्यांना झटकून टाकणे अवघड गेले. सुराबाया येथे ऑक्टोबरमध्ये उतरलेल्या ४९व्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. तिचे सेनानी ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारले गेले आणि १० नोव्हेंबरला घनघोर लढाई जुंपली. मराठी शिपाई तिथे परक्यांच्या हुकमाने, दुसऱ्या एका पारतंत्र्याविरुद्धच्या लढ्यावर चालून गेले, ही नोंद आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

डचांनी १९४७ व १९४८ मध्ये लष्करी कारवाया केल्या. संयुक्त राष्ट्रांचा आणि अमेरिकेचा दबाव वाढल्यावर २७ डिसेंबर १९४९ रोजी त्यांनी सार्वभौमत्व हस्तांतरित केले. वसाहतीच्या कर्जाचा मोठा बोजा इंडोनेशियाने पत्करला आणि पश्चिम न्यू गिनी तूर्त डचांकडेच राहिले. नेदरलँड्सच्या लेखी स्वातंत्र्याची तारीख दीर्घकाळ १९४९ चीच होती. २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री बेन बॉट यांनी १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख राजकीय व नैतिक अर्थाने मान्य केली, तर २०२३ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांनी ती निःसंदिग्धपणे स्वीकारत असल्याचे संसदेत सांगितले.