काविळीची माळ

आमच्या नाटे गावात कावीळ झाली की गळ्यात माळ पडायची. माळेतल्या ओल्या काड्या सुकून आकसत, दोरा सैल होई, माळ बेंबीपर्यंत लांबली की आजी म्हणायची, “उतरली गो बाय!” दूषित पाण्याची कावीळ बहुधा आपोआपच बरी होते. श्रेय माळेला, फुकटचं!

अक्काची कावीळ मात्र तीनदा उलटली. तिची रोगप्रतिकारशक्तीच यकृतावर उठली होती. स्वीडनच्या डॉ. वाल्डनस्ट्रॉम यांनी तरुण बायकांमधला हा आजार १९५० सालीच मांडला होता. १९७१ साली लंडनमधल्या चाचणीने प्रेडनिसोलोन हे औषध जीव वाचवतं हे दाखवलं. अक्काचं निदान रक्तातल्या अँटिबॉडी आणि सुईने काढलेला यकृताचा तुकडा तपासून झालं. आधी प्रेडनिसोलोन, मग जोडीला अझाथायोप्रिन. गोळ्या अजून चालू आहेत.