‘आळसाचा जंतू’ आणि अनवाणी पाय

अमेरिका म्हटली की घरोघरी नळ आणि स्वच्छ न्हाणीघर, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या देशाच्या दक्षिण भागातील खेडी आपल्या कोकणातल्या खेड्यांहून फार निराळी नव्हती. शेतात अनवाणी राबावे व शौचास झुडपांआड जावे, हीच तेथली रीत होती.

तेथील कित्येक गरीब कुटुंबांतली माणसे फिकट व सुस्त दिसत. मुलांची वाढ खुंटलेली असे. लोक त्यांना आळशी म्हणून हिणवीत. 1902 साली डॉ. चार्ल्स स्टाइल्स यांनी सांगितले की हा स्वभावाचा दोष नसून अंकुशकृमीचा रोग आहे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘आळसाचा जंतू’ म्हणून थट्टेवारी नेले.

हा रोग पसरतो कसा? रोग्याच्या विष्ठेबरोबर कृमींची अंडी मातीत पडतात. उबदार, ओलसर मातीत त्यांतून अळ्या निघतात आणि उघड्या पायाच्या कातडीतून आत शिरतात. पुढे त्या रक्तावाटे फुप्फुसांत, तेथून घशावाटे आतड्यांत पोहोचतात आणि तेथे रक्त शोषतात. रक्तच आटले, तर अंगात बळ कोठून येणार?

1909 साली जॉन डी. रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले व 11 राज्यांत पाच वर्षे मोहीम चालली. तपासलेल्या खेड्यांतील मुलांपैकी सुमारे 39 टक्क्यांना हा रोग निघाला. सुमारे 7 लाख लोकांना औषध मिळाले. ते औषध थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्याच्या तेलातही असणारे ओव्याचे फूल!

परंतु औषध घेतलेला माणूस पुन्हा त्याच मातीत अनवाणी गेला की रोग परत येई. पाहणी केलेल्या सुमारे अडीच लाख घरांपैकी निम्म्यांना संडासच नव्हता. म्हणून बंदिस्त संडास बांधा व पायांत जोडे घाला, हा उपदेश गावोगाव करावा लागला. आम्ही परिचारिकांनी गोळ्या पुष्कळ वाटल्या. पण गोळी एकाला बरे करते, संडास साऱ्या गावाला राखतो.

हे काम अजून संपलेले नाही. अलाबामातील लाउन्डेस काउंटीत चिकण मातीत पाणी मुरत नाही, चांगली टाकी गरिबाला परवडत नाही. त्यामुळे कित्येक घरांचे मैलापाणी अंगणातच साचत आले आहे.

तेव्हा सुटीत मुलांना कोकणात नेले, तर ओल्या मातीत चपलेशिवाय फिरू देऊ नये. आणि एखादे मूल फिकट, मंद दिसले, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचे रक्त व शौच तपासून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.