तळटीप : इंजिनांवरचे आवरण

* लेखकाने इथे ‘पांघरूण’ म्हटले आहे ते सॅटर्न-५ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यातील पाच एफ-१ इंजिनांवर चढवले जाणारे उष्णतारोधक आवरण. इंजिनाचा जाळ तर खाली जातो, मग बाहेरून संरक्षण कशाला, अशी शंका वाचकाला येईल. अग्निबाण उंच चढतो तशी भोवतालची हवा विरळ होते आणि पाचही झोत फुगत जाऊन एकमेकांना भिडतात. त्यांतला काही तप्त वायू उलटा फिरून इंजिनांच्या बाजूंवर येतो. झोतांच्या प्रारणाची धग असतेच. इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत या परिसराचे कमाल तापमान सुमारे १,४०० अंश सेल्सिअस धरले आहे. नळ्या, झडपा, वायरी उघड्या ठेवणे शक्यच नव्हते.

मोठ्या, साध्या पृष्ठभागांवर ॲस्बेस्टॉसच्या गाद्या, तर वेड्यावाकड्या भागांवर धातूच्या पत्र्यात गुंडाळलेले तंतूंचे थर बसवत. खरे कौशल्य ते पक्के करण्यात होते. कुठे कडीदार भोके, कुठे क्लॅम्प, कुठे आट्यांचे खुंट. काही ठिकाणी खुंटांमधून सेफ्टी वायर ओवून, बुटाची नाडी आवळावी तशी ती ताणून घेत. प्रचंड थरथराटात एक कड जरी सुटली तरी तप्त वायूला आत वाट मिळाली असती. शिवाय बाहेरची चार इंजिने दिशा देण्यासाठी कलत, त्यामुळे आवरणाने ही हालचालही अडवून चालत नसे. संग्रहालयांत ही इंजिने बहुधा आवरणाविना मांडलेली असतात. उड्डाणावेळी ती तशी दिसत नसत.
— संपादक